केकला सुटणारा घाम

महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांसारखंच वर्धा जिल्ह्यातही घरच्या ओट्यावर केक करून विकणं हा आता अनेक बायकांचा हक्काचा व्यवसाय झाला आहे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मागण्याही बदलल्या आहेत. अर्धा किलोचा पायनॅपल केक आणि वर क्रीमची चार फुलं एवढ्यावर पहिला वाढदिवस भागत नाही. केकवर हत्ती हवा, बाळाचे बूट हवेत, साखरपुड्याच्या केकवर पैठणीची घडी हवी. क्रीममधून असल्या वस्तू होत नाहीत. त्या फॉन्डंटमधून, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्यातून, किंवा मॉडेलिंग चॉकलेटमधून घडवाव्या लागतात. असा एक केक सजवायला सहा-आठ तास सहज जातात, दोन मागण्या एकाच शनिवारच्या आल्या की रात्र पुरत नाही, आणि मग हटकून तो प्रश्न येतो: केक चार दिवस आधी पुरा करून फ्रीझरला टाकला तर चालेल का? प्रश्न साधा आहे, पण त्याची मिळणारी उत्तरं एकमेकांशी भांडणारी आहेत. ती इथे तपासायची आहेत, आणि तपासता तपासता एक मुद्दा मांडायचा आहे. अशा केकचं भवितव्य फ्रीझरमधली थंडी ठरवत नाही. तो बाहेर काढल्यावर भोवतालच्या हवेत पाणी किती आहे, यावर ते ठरतं. वर्ध्याच्या हवेतलं पाणी महिन्यागणिक इतकं बदलतं, की दुसऱ्या हवामानात लिहिलेली कृती इथे बाराही महिने लागू पडणं शक्यच नाही.

आधी पदार्थ समजून घेऊ. मॉडेलिंग चॉकलेट म्हणजे वितळवलेल्या चॉकलेटमध्ये कोमट लिक्विड ग्लुकोज घालून, अगदी थोडं हलवून, झाकून रात्रभर ठेवलेला आणि दुसऱ्या दिवशी कणकेसारखा मळलेला गोळा. गडद चॉकलेटला वजनाने साधारण निम्मं ग्लुकोज लागतं, पांढऱ्याला त्याहून कमी, एक तृतीयांश ते एक चतुर्थांश. हात जास्त फिरवला की तेल सुटतं आणि गोळा तेलकट, दाणेदार होतो. लिक्विड ग्लुकोजमध्ये पाणी साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे तयार गोळ्यात ते चार ते सहा टक्क्यांच्या आसपास उरतं, आणि तेवढंही साखरेने घट्ट धरून ठेवलेलं असतं. त्यामुळे घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांतही या गोळ्यापासून केलेल्या आवरणाचा बर्फ होत नाही. ते कडक होतं ते त्यातली चरबी कडक होते म्हणून. ही चरबी कोणती, हेही महत्त्वाचं आहे. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या सुमारास वितळतं. आपल्याकडे बहुतेक काम होतं ते कम्पाउंडवर, म्हणजे कोको बटरऐवजी पाम कर्नलसारख्या तेलाची घट्ट केलेली चरबी वापरलेल्या लादीवर. कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी पाच टक्क्यांहून जास्त असेल तर भारतीय नियमांनुसार त्या मालाला चॉकलेट म्हणता येत नाही, म्हणून वेष्टनावर कम्पाउंड असा शब्द असतो. कम्पाउंड स्वस्त, हाताळायला सोपं आणि उन्हाळ्यात थोडं जास्त तग धरणारं. चवीला ते डावं आहे हे खरं, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात मूर्तीकामाला ते वापरण्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

आता मतं. पहिलं मत बेधडक: सगळं गोठवता येतं, सजवलेला केकही. याच्या मागे मोठा अनुभव उभा आहे. अमेरिकेत १९५०च्या दशकातच सारा ली कंपनीने गोठवलेले केक देशभर विकायला सुरुवात केली, आणि लग्नाच्या केकचा सर्वांत वरचा थर गोठवून लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला खायची तिकडची रीत आजही चालू आहे. दुसरं मत तितकंच ठाम: सजावट झालेल्या केकला फ्रीझरच काय, फ्रीजही दाखवू नका, रंग ओघळतात, आवरण चिकट होतं, बाहुलीचे हात तुटतात. तिसरं मत मधलं: खोक्यात घालून, वर प्लास्टिक गुंडाळून गोठवा आणि काढताना घाई करू नका. तिन्ही मतांच्या लोकांनी ते काम हातांनी केलेलं असतं आणि तिन्ही खरं सांगत असतात. फरक एवढाच, की प्रत्येकाची खोली वेगळी असते आणि खोलीतली हवा वेगळी असते. त्या हवेचा उल्लेख मात्र कृतीत क्वचितच येतो.

केकचा आतला भाग आणि बाहेरचा भाग यांचे स्वभावही परस्परविरुद्ध आहेत, हे आधी मान्य करायला हवं. आतल्या स्पंजला थंडी मानवते, पण अर्धवट थंडी मानवत नाही. भाजलेल्या पिठातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा आखडू लागतो, त्यातून पाव आणि केक कोरडे, रवाळ होतात. हा बदल सर्वांत वेगाने होतो तो शून्याच्या थोडं वर, नेमका फ्रीजच्या तापमानाला. उणे १८ अंशांना तो जवळजवळ थांबतो. म्हणून दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेला स्पंज महिनाभर डीप फ्रीझरमध्ये राहिलेल्या स्पंजपेक्षा वाईट लागू शकतो. साखर आणि लोणी भरपूर असलं की केक पावापेक्षा हळू शिळावतो, तरी दिशा तीच. अंडं न घातलेल्या केकलाही, आणि आपल्याकडे मागणी बहुतांशी त्याचीच, हाच नियम लागतो. तेव्हा केक गोठवल्याने बिघडतो, ही भीती आतल्या भागापुरती तरी बाजूला ठेवायला हरकत नाही. मात्र गोठण्याने जंतू मरत नाहीत, थांबतात. वितळल्यावर ते आपलं काम पुढे चालू करतात. म्हणून केक मऊ करायचा तो फ्रीजमध्ये, मे महिन्यातल्या ओट्यावर नव्हे.

मधल्या थराचं मात्र एकेक पाहावं लागतं. चॉकलेट आणि क्रीमचं गनाश गोठतं आणि पूर्ववत होतं. बाजारातलं वनस्पती चरबीचं व्हिप क्रीम तर मुळातच गोठवलेल्या खोक्यातून येतं. दुधाची ताजी क्रीम फेटून भरली असेल तर वितळताना ती दाणेदार होऊन पाणी सोडू शकते. कॉर्नफ्लोरवर घट्ट केलेलं कस्टर्ड नक्कीच पाणी सोडतं. ताजी फळं सर्वांत वाईट: पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे नऊ टक्के फुगतो, फळातल्या पेशी फाटतात आणि वितळताना सगळा रस स्पंजमध्ये उतरतो. आर्वी, आष्टी, कारंजा हा संत्र्यांचा पट्टा, तेव्हा हंगामात संत्र्याच्या फोडी भरायचा मोह इथे होणारच. असा केक त्याच दिवशी करून त्याच दिवशी कापावा. गोठवायचाच असेल तर संत्र्याची साल किसून आणि रस आटवून घातलेलं गनाश भरावं.

बाहेरच्या आवरणाचं दुखणं वेगळं आहे. गोठताना चॉकलेटचा थर आकसतो आणि आतला ओला गाभा तितका आकसत नाही. उलट भरावातलं पाणी फुगतं. थर जाड आणि थंडी झटकन दिलेली असेल तर कडेला, बहुधा वरच्या काठावर, केसासारखी चीर जाते. तीन-चार मिलिमीटरचा थर आणि आधी फ्रीजमध्ये तासभर, मग फ्रीझरमध्ये, असं टप्प्याने गार केलं तर ही चीर बहुतेक वेळा टळते. पातळ अवयवांचं तसं नाही. कान, शेपट्या, पाकळ्या, बोटं उणे १८ अंशांना काचेसारखी ठिसूळ होतात, आणि खोकं हलवताना लागलेला जरासा धक्का त्यांना पुरतो. तरीही, हे सगळं नुकसान हाताने टाळता येण्यासारखं आहे. ज्या नुकसानाला हातचलाखी पुरत नाही ते फ्रीझरचं दार उघडल्यावर सुरू होतं.

दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन पृष्ठभागावर बसते ते तापमान. केकचा पृष्ठभाग त्याच्या खाली असेल तोवर केकला घाम सुटत राहणार. त्याला इलाज नाही. वर्ध्याच्या हवेचं गणित मांडून पाहा. मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू येतो ११ अंशांच्या आसपास आणि एका घनमीटर हवेत पाणी असतं जेमतेम नऊ ग्रॅम. श्रावणातली झडीची दुपार, २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता: दवबिंदू २५ अंश, पाणी २३ ग्रॅम. म्हणजे मे महिन्यात केकचा पृष्ठभाग ११ अंशांवर आला की घाम थांबला, आणि जो काही सुटला तो कोरड्या हवेने काही मिनिटांत टिपून घेतला. श्रावणात मात्र त्याच केकला २५ अंशांपर्यंत तापेस्तोवर, म्हणजे जवळजवळ खोलीइतकं होईस्तोवर, घाम येत राहतो आणि ओलसर हवा तो सुकू देत नाही. ज्या देशांत गोठवण्याच्या कृती लिहिल्या गेल्या तिथल्या खोलीत २० अंश आणि ४५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू आठ अंशांवर येतो. फ्रीजमधून काढलेला केक तिथे थोड्याच वेळात सुरक्षित होतो. त्या लेखकांनी दवाचा बाऊ केला नाही, कारण त्यांच्या घरात दव फारसं पडतच नव्हतं.

यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्या अंदाजाच्या उलटा आहे. उन्हाळ्यात केक बिघडतात म्हणून सगळी धास्ती उन्हाळ्याची. पण गोठवलेल्या सजावटीला वर्ध्यात खरा धोका जून ते सप्टेंबरचा. मे महिन्यात तर गोठणं उपकारकच ठरू शकतं. नवतप्यात बिनएसीच्या खोलीत मॉडेलिंग चॉकलेट तिशीच्या पुढे मऊ पडून लोंबायला लागतं, तेव्हा आतून पुरता गार झालेला दोन किलोचा गाभा हाच त्या आवरणाची बर्फाची लादी होतो आणि मांडवात तासभर तरी आकार धरून ठेवतो. अपवाद एकच, आणि तो अस्सल वैदर्भीय आहे: कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या छिलक्यांच्या ताट्यांतून पाणी झिरपवून हवा गार करणारं हे यंत्र बाहेरच्या कोरड्या हवेत पाणी मिसळूनच काम करतं. कूलरच्या खोलीत ३० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू थेट २२-२३ अंशांवर जातो आणि घनमीटरमागे पाणी २० ग्रॅमच्या घरात. म्हणजे माणसांसाठी मे महिना आल्हाददायक करणारी खोली केकसाठी श्रावण होऊन बसते. मंगल कार्यालयात केकचं टेबल कौतुकाने मोठ्या कूलरच्या झोतासमोर मांडलं जातं; ते झोतातून बाजूला सरकवणं हे त्या दिवशी केकसाठी करता येण्यासारखं सर्वांत मोठं काम आहे. एसीची खोली मात्र खरी मदत करते, कारण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १३ अंश. बाहेर पाऊस कोसळत असला तरी बंद एसी खोलीत केकपुरता मे महिना उभा करता येतो.

साखरेच्या कामाला ऋतू असतो, ही जाण आपल्याकडे नवी नाही. संक्रांतीचा हलवा आणि त्याचे दागिने पौषातल्या कोरड्या थंडीत होतात. साखरेच्या गाठ्या होळी-पाडव्याच्या सुमाराला, हवा कोरडी झाल्यावर. श्रावणात साखरेचे दागिने घालायची रीत कुठेच पडली नाही, आणि हा निव्वळ योगायोग नसावा. शुद्ध साखर २५ अंशांना साधारण ८५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडी राहते. त्यापुढे ती हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. त्यात ग्लुकोज मिसळलं की ही मर्यादा आणखी खाली येते. मॉडेलिंग चॉकलेटमध्ये चरबी असते, म्हणून ते निव्वळ साखरेच्या फॉन्डंटपेक्षा ओलाव्याला जास्त वेळ दाद देत नाही. पण गार पृष्ठभागालगतची हवा शंभर टक्के ओली असते, आणि तिथे चॉकलेटचाही निभाव लागत नाही. वर्ध्याचा प्रसिद्ध गोरस पाकही याच संदर्भात आठवतो: गाईच्या तुपातला, खुसखुशीत, पाणी जवळजवळ उरलेलं नाही असा पदार्थ, जो फ्रीजशिवाय टिकतो आणि प्रवासाला निघतो. इथल्या हवेशी जुळवून घेतलेलं भाजकाम असं असतं. केक तसा नाही. तो ओला आहे, आणि त्याच्यावर कोरडं नाजूक काम चढवायचं आहे, म्हणून एवढा विचार करावा लागतो.

एक उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. श्रावणी अमावास्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल घेऊन मुलं घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. सिंदी (रेल्वे) इथल्या तान्ह्या पोळ्याला तर दूरदूरचे लोक जातात. त्या दिवशी वाढदिवस आलेल्या मुलासाठी केकवर पांढऱ्या मॉडेलिंग चॉकलेटचा नंदी, पाठीवर लाल झूल, शिंगांना सोनेरी रंग, गळ्यात गडद चॉकलेटच्या मण्यांची माळ, अशी कल्पना सुचणं अगदी स्वाभाविक आहे. आता हा पुरा केक फ्रीझरमधून काढून ऑगस्टअखेरच्या खोलीत टेबलावर ठेवला तर काय होतं ते क्रमाने पाहू. पहिली काही मिनिटं नंदीवर पांढुरकी, मखमली साय दिसते; पृष्ठभाग शून्याखाली असल्याने वाफ सरळ हिम होऊन बसलेली असते. मग ती साय ओली होते, तिचे थेंब होतात. शिंगं आणि कान पातळ, ते लवकर तापतात आणि लवकर सुकतात. पोट आणि पाय केकच्या गार गाभ्याला चिकटलेले, तिथे घाम सुटतच राहतो. झुलीच्या कडेला थेंब जमतो, पाण्यात विरघळणारा जेल रंग त्यात उतरतो, आणि पांढऱ्या कुशीवरून एक गुलाबी रेघ पायापर्यंत जाते. सोनेरी भुकटीवर ठिपके पडतात. ज्याने या क्षणी बोट लावलं त्याचा ठसा तिथे कायमचा राहतो. तासा-दोन तासांनी पाणी उडालं, तरी त्यात विरघळलेली साखर वर बारीक दाण्यांच्या रूपाने उरते. स्पर्श खरखरीत होतो आणि तुकतुकी जाते. शेजारी खाण्याच्या कागदावर छापलेला फोटो असेल तर तो याआधीच सुरकुतलेला असतो.

हाच नंदी दहा-पंधरा दिवस आधी करून, फ्रीझरच्या जवळपासही न नेता, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवला तर त्याला काहीही होत नाही. त्यात पाणी इतकं कमी असतं की त्याला नासायची भीती नसते. गोठवायचा तो आतला केक: स्पंज, भराव आणि वर गनाशचा पातळ लेप, एवढं करून, क्लिंग फिल्मचे दोन वेढे, वर फॉइल. आदल्या रात्री तो फ्रीजमध्ये उतरवायचा, सकाळी एसी खोलीत वेष्टन न काढता दोन-तीन तास, मग आवरण चढवायचं आणि शेवटी नंदी. कष्टाचा मोठा भाग, म्हणजे भाजणं, भरणं आणि घडवणं, आठवडाभर आधी होऊन जातो. शेवटच्या दिवसाला उरतं ते आवरण आणि मांडणी. माझ्या मते वर्धा जिल्ह्यातल्या घरगुती व्यवसायाला पावसाळ्यात दुसरी रीत परवडणारी नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शेवटच्या दिवशी आवरण चढवणं हेच तर जिकिरीचं काम, आणि तेच वाचवायला गोठवायचं होतं. आक्षेप रास्त आहे. ज्यांच्याकडे मनुष्यबळ नाही त्यांनी आवरणासह केक गोठवावा, पण बंद खोक्यात, आणि खोकं उघडण्याची घाई न करता. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोक्याभोवती प्लास्टिकचे दोन वेढे, सांधे टेपने बंद. भरण्याचं काम एसी खोलीत. तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पंचवीस सेंटिमीटर उंच खोक्यात हवा मावते साडेबावीस लिटर. श्रावणातली हवा आत कोंडली तरी तिच्यातलं पाणी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि तेही बरंचसं पुठ्ठा शोषून घेतो. उघड्यावर मात्र सुकलेल्या हवेची जागा नवी ओली हवा घेत राहते आणि पाण्याला अंत नसतो. बंद खोकं आधी २४ तास फ्रीजमध्ये, मग एसी खोलीत तीन-चार तास. दव पडेल, पण ते बाहेरच्या प्लास्टिकवर पडेल. ते आपोआप सुकलं की वेष्टन दवबिंदूच्या वर आलं असं समजावं. आतला केक त्याच्या मागे असतो, म्हणून आणखी दीड-दोन तास थांबूनच उघडावं. ही वाट पाहणं हीच खरी कृती आहे. तिसऱ्या मतात काढताना घाई करू नका असं मोघम सांगितलेलं असतं; घाई कशाला म्हणायचं आणि किती थांबायचं हे दवबिंदू सांगतो.

दुसरा आक्षेप: मग फॉन्डंटच वापरावं, ते कडक वाळतं. बाहुल्यांसाठी सीएमसी पावडर घातलेलं फॉन्डंट खरोखरच चांगलं वाळतं आणि मे महिन्यात चॉकलेटसारखं वितळत नाही. उन्हाळ्यातल्या उंच, पातळ आकृत्यांसाठी मी त्याच्याच बाजूने आहे. पण गोठवण्याच्या प्रश्नावर ते उत्तर नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ साखर आहे आणि दवाला चॉकलेटहून आधी शरण जातं. शिवाय खाताना पोरं ते सोलून ताटात टाकतात, चॉकलेट खाल्लं जातं; ज्याच्यावर एवढे तास घालवले ते खाल्लं जाणं हा माझ्या लेखी किरकोळ मुद्दा नाही. रंगांच्या बाबतीतही चॉकलेटची एक सोय आहे: त्याला तेलात मिसळणारे रंग चालतात, आणि ते जेल रंगांसारखे दवात ओघळत नाहीत. पावसाळ्यातल्या कामाला लाल, काळा, निळा हे गडद रंग तरी तेलाचेच वापरावेत.

तिसरा आक्षेप हवेचा नाही, मनाचा आहे: गोठवलेला केक म्हणजे शिळा केक, आणि पोराच्या वाढदिवसाला शिळं कसं द्यायचं? आपल्या घरांत ताज्या-शिळ्याचा विचार खोल आहे आणि त्याला कारण होतं. या उन्हात सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं. पण शिळेपणा म्हणजे तारीख नव्हे, पदार्थात झालेला बदल. आणि उणे १८ अंशांना तो बदल जवळपास थांबलेला असतो. फ्रीजमध्ये तीन दिवस पडलेला, कालच केला म्हणून विकलेला केक त्याहून शिळा. ग्राहकाला यातलं काही कळू न देता विकणं मात्र मला मान्य नाही. सुट्या मिठाईसमोर कधीपर्यंत खावी ती तारीख लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं झालं; केक घरी करणाऱ्या ताईंनीही खोक्यावर केक कधी भाजला, गोठवला होता का आणि किती वाजेपर्यंत कापावा हे तीन ओळींत लिहून दिलं, तर विश्वास कमी होणार नाही, वाढेल. त्यातच चौथी ओळ असावी: कूलरसमोर ठेवू नका.

यंत्राबद्दल थोडक्यात. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा कप्पा उणे १८ अंश टिकवू शकत नाही. तिथे केक चार-पाच दिवसांपलीकडे ठेवू नये. दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज ठरावीक वेळाने आतला हीटर लावून बर्फ वितळवतो. या चढउतारात बर्फाचे कण मोठे होतात आणि चॉकलेटवर चरबीचा पांढरा पापुद्रा येऊ शकतो. वरून उघडणारा डीप फ्रीझर सर्वांत बरा. लाईट जाण्याची भीती उन्हाळ्यात आणि वादळी पावसात असतेच. गच्च भरलेला आणि न उघडलेला डीप फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस थंडी धरतो, म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवावी. त्याच फ्रीझरमध्ये मटण, मासे किंवा लसणाची पेस्ट असेल तर पांढरं चॉकलेट वास ओढून घेतं, आणि तो वास नंतर जात नाही. हिंगणघाटहून वर्ध्याला केक पोहोचवायचा तर सुमारे ४० किलोमीटर. एवढ्यासाठी गोठलेला केक गाडीत घालणं पावसाळ्यात चुकीचं, कारण तो नेमका पाहुण्यांच्या समोर उघडला जातो आणि तिथेच घाम सोडतो. फ्रीजमधून काढून, बंद खोक्यात एसी गाडीतून नेलेला बरा.

राहिला उरलेला केक. इथे मात्र बेधडक मत बरोबर आहे. कापून झालेला, सजावट मिरवून झालेला केक गोठवायला काहीच हरकत नाही, कारण आता त्याने दिसायचं नसून खायचं आहे. एकेक तुकडा वेगळा गुंडाळावा, डब्यात घालावा, महिन्या-दीड महिन्यात संपवावा. आवरणाला घाम आला, रंग जरा मिसळला, तरी चवीत फरक पडत नाही. नंदी मात्र कापण्याआधीच उचलून घ्यावा, खालचा भाग कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा त्याच्या डब्यात ठेवावा, पुड्या बदलाव्यात. दसरा, दिवाळी, थंडीचे महिने तो तसाच्या तसा राहतो. होळीनंतर खोली तापायला लागली की मुलाच्या हातात द्यावा, शिंगांपासून खायला.